इटलीत किरकोळ रजेवर

मी आयुष्यात एकच कादंबरी लिहिली, आणि ती लिहिली नसती तर फार बरं झालं असतं असं म्हणणारी पाच-सहा माणसं आमच्या गल्लीत अजून आहेत. त्यांत माझी बायको रत्नम्मा पहिली आणि मी स्वतः दुसरा.

मी गुरुबसप्पा कोनापुरे. सोलापुरात एका सरकारी कचेरीत कारकून होतो. कोणत्या, ते सांगत नाही. त्र्याहत्तर साली खात्याची परीक्षा आली आणि तिच्यात इंग्रजीचा पेपर होता. इंग्रजी सुधारावं म्हणून मी नवी पेठेतल्या एका रद्दीवाल्याकडून इंग्रजी कादंबऱ्यांचा गठ्ठा आणला. दोरी सोडली तर सहाही पुस्तकांवर एकच चित्र. पुढे सुंदर बाई, मागे तोफ.

गोष्टही सगळ्यांत एकच होती. आजच्या काळातली बाई जिन्यावरून घसरते, नाहीतर जुन्या कपाटात अडकते, आणि शुद्धीवर येते ती शे-दीडशे वर्षांपूर्वीच्या लढाईत. तिथे एक जखमी अधिकारी तयारच असतो. ती त्याला पट्टी बांधते. पुढची दोनशे पानं ती पट्टी सुटत नाही. मी सहाच्या सहा वाचल्या, त्यातल्या दोन पुन्हा वाचल्या. परीक्षेत 'माझे गाव' असा निबंध आला, त्यात कसा कोण जाणे एक जखमी अधिकारी शिरला, आणि मी नापास झालो.

नापास झालेल्या माणसाला काहीतरी करून दाखवावंसं वाटतं. असली गोष्ट मराठीत कुणी लिहिली नाही, मग आपण का लिहू नये, असं माझ्या मनाने घेतलं. काळ ओलांडणारा नायक माझ्याकडे होता, तो म्हणजे मीच, फक्त पाच इंच जास्त उंच. प्रेमाची मला माहिती सहा पुस्तकांपुरती होती. अडलं होतं ते लढाईवाचून.

लढाई आमच्याच ओळीत शेवटच्या खोलीत राहत होती. धुळाप्पा हे सांगोल्याच्या पलीकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. दुसऱ्या महायुद्धात भरती झाले. साहेबाने विचारलं, जनावरं सांभाळता येतात का. हे हो म्हणाले, आणि साहेबाने त्यांना खेचरांच्या तुकडीत घालून थेट इटलीला पाठवलं. परत आल्यावर ते गिरणीच्या फाटकावर रखवालदार झाले. माणूस अबोल. त्यांच्या वाटणीचं बोलणं त्यांची बायको तानाबाई करायची, आणि तेही लढाई सोडून बाकी सगळ्यावर.

तीस वर्षांत धुळाप्पांना लढाईबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. मी विचारलं. संध्याकाळचा भोंगा झाला की मी चहाचे दोन कप घेऊन लिंबाखालच्या पारावर जायचो. पहिले आठ दिवस ते नुसता चहा प्याले. मग हळूहळू बोलू लागले. डोंगर, बर्फ, खेचराच्या पाठीवर दारूगोळा. एके दिवशी जवळच गोळा पडला आणि खेचरासकट हे घळीत गेले. डावा पाय मोडला. तिथल्या एका धनगराच्या म्हातारीने, सत्तरीची असेल, यांना ओढत वाड्यात नेलं आणि पाच आठवडे जर्मनांपासून मेंढरांमध्ये लपवून ठेवलं. मेंढीचं दूध पाजलं. बसता यायला लागल्यावर हे तिच्या मेंढरांची धार काढून द्यायला लागले. दोघांना एकमेकांचा शब्द कळत नव्हता.

"पर अण्णा," ते म्हणाले, "मेंढरं हाकायचा आवाज तितं बी त्योच."

हे मी घरी येऊन कचेरीच्या जुन्या फॉर्मांच्या पाठीमागे लिहून ठेवत होतो. धुळाप्पांना ते माहीत होतं. छापायच्या आधी मला वाचून दाखवा, एवढंच त्यांनी मागितलं होतं. मी हो म्हणालो होतो. इथून पुढे मला मान खाली घालूनच सांगावं लागणार आहे.

कारण म्हातारीला मी वीस वर्षांची केलं. तिचं नाव रोझा ठेवलं. तिला निळे डोळे दिले आणि एक मधुर आवाज दिला. सत्तर वर्षांच्या बाईवर प्रेमकथा चालत नाही, असं त्या वेळी माझं मत होतं.

आता नायक एकोणीसशे चव्वेचाळीसमध्ये पोचणार कसा, यावर सल्ले सुरू झाले. मी कुणाला विचारलं नव्हतं, पण कादंबरी लिहितोय हे रत्नम्माने नळावर सांगितलं होतं. गोजरबाई या आमच्या ओळीतल्या निवृत्त बालवाडीशिक्षिका. दुपारी बायकांना जमवून वाचून दाखवणं हा त्यांचा उद्योग. त्यांचं म्हणणं, नायकाला विहिरीत पाडा. छापखान्याचे मालक मडिवाळप्पा म्हणाले, विहीर नको, चादर घ्या. ते मुख्यतः लग्नपत्रिका आणि चादरींवरची लेबलं छापायचे. सोलापूरची चादर पांघरून नायक थेट लढाईत पोचतो म्हटल्यावर एखादा कारखानदार शंभर प्रती उचलेल, असा त्यांचा हिशेब. मला ते पटलं. नायक कारकून चादर पांघरून झोपतो, आणि जागा होतो तो खेचरवाल्या शिपायाच्या शरीरात, मोडक्या पायासकट. त्याच्या उशाशी रोझा.

सरकारी नोकराला पुस्तक छापायला परवानगी लागते. मी अर्ज केला, सोबत हस्तलिखित जोडलं. आमचे हेडक्लार्क महिपती आवताडे यांनी ते खरोखर वाचलं. अर्ज तीन शेऱ्यांसह परत आला. नायक हा शासकीय कर्मचारी असून पाच आठवडे परदेशी आहे, रजा मंजूर आहे काय? मुख्यालय सोडण्याची परवानगी घेतली आहे काय? त्या काळात तो लष्कराचा पगार घेत असल्यास इथल्या पगाराचे काय?

मी त्यांना समजावलं की साहेब, ही कल्पना आहे. ते म्हणाले, कल्पनेत का होईना, माझ्या हाताखालचा माणूस विनापरवाना गैरहजर राहिलेला मला चालणार नाही. शेवटी तोड निघाली. नायकाने पहिल्या प्रकरणात किरकोळ रजेचा रीतसर अर्ज द्यायचा. इटलीतले पाच आठवडे इथले तीन दिवस धरायचे. चौथ्या दिवशी साडेदहाला नायक जागेवर हजर. त्यामुळे माझ्या कादंबरीच्या शेवटी बर्फात रडणाऱ्या रोझाचा हात सोडवून घेत नायक म्हणतो, "मला जायला हवं. माझी रजा संपत आली." या वाक्याला पुढे गोजरबाई ढसाढसा रडल्या. मला त्याचं श्रेय घेता येत नाही.

छापखान्याबद्दल थोडक्यात सांगतो. मुखपृष्ठाला मडिवाळप्पांकडे वधूवरांचा ठोकळा तयार होता, तोच वापरला. रोझा नऊवारीत आहे आणि खेचरवाल्याला मुंडावळ्या आहेत. शेवटच्या पानावर खाली जागा उरली, तिथे सवयीने 'कृपया आहेर आणू नये' असं पडलं. हे सगळं मी सोसलं. पण मडिवाळप्पा म्हणाले, खरी गोष्ट म्हटलं की लोक घेतात, आणि मी तिथे भुललो. पहिल्या पानावर ठळक टायपात आलं, 'सत्य घटनेवर आधारलेली'. त्याखाली माझी अर्पणपत्रिका: 'माझे शेजारी श्री. धुळाप्पा यांस, ज्यांच्या आयुष्यात हे घडले'.

वाचून दाखवायचं राहूनच गेलं. राहून गेलं म्हणतो, पण खरं म्हणजे मी टाळलं. रोझाचं धुळाप्पांना काय सांगायचं ते मला सुचत नव्हतं. छापून झाल्यावर त्यांना आनंदच होईल, अशी मी माझी समजूत घातली होती.

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीनंतर पुस्तक आलं आणि गोजरबाईंनी वाचायला घेतलं. रोज दुपारी दोन प्रकरणं. तानाबाई पहिल्या रांगेत बसायच्या. त्यांना वाचता येत नव्हतं, आणि नवऱ्याचं नाव पुस्तकात छापून आलंय म्हणून त्यांनी पहिल्या दिवशी सगळ्यांना गूळ-शेंगदाणे वाटले होते. पाचव्या दिवसापासून त्या यायच्या बंद झाल्या. चौथ्या दिवशी रोझाने नायकाच्या गुडघ्याला मलम लावलं होतं. गुडघा मी अगदी बारकाईने रंगवला होता, डाव्या वाटीखाली चंद्रकोरीसारखा वण. तो वण तानाबाई तीस वर्षं बघत होत्या.

चार दिवसांनी धुळाप्पा माझ्या दारात उभे राहिले. चहाला नको म्हणाले.

"अण्णा, ही रोजा कोन?"

मी सांगायला लागलो की साहित्यात असं थोडं इकडंतिकडं करावं लागतं. ते ऐकून घेऊन म्हणाले, घरात चार दिवस झाले, ती बोलत नाही. भाकरी करते, समोर ठेवते, पाठ फिरवते. तुम्ही केलंय, तुम्हीच निस्तरा.

मी तानाबाईंकडे गेलो. आणि घाबरून सरळ सांगून टाकलं की तिथे कुणी बाईच नव्हती. सगळं माझ्या मनातलं. त्यांनी शांतपणे हिशेब मांडला. चादर खोटी, ती कळते. कारकून खोटा, तोही कळतो. पण खेचर खरं, घळ खरी, पाय मोडला तो खरा, वण खरा.

"मग रोजा तेवडी खोटी कशी?" त्या म्हणाल्या.

खात्याच्या परीक्षेतही मला इतका अवघड प्रश्न आला नव्हता.

त्यावर मी जे केलं ते मला त्या वेळी हुशारीचं वाटलं होतं. मी मडिवाळप्पांकडून शुद्धिपत्रक छापून घेतलं आणि प्रत्येक प्रतीत चिकटवलं. 'पृष्ठ ४१ वर व त्यापुढे सर्वत्र, वीस वर्षांची याऐवजी सत्तर वर्षांची असे वाचावे. निळे डोळे वगळावेत.' महिपती आवताडे म्हणाले, शुद्धिपत्रकालाही परवानगी लागते, पण मी थांबलो नाही. मला तानाबाईंचा संसार वाचवायचा होता, आणि थोडी माझी अब्रू.

गोजरबाई शिस्तीच्या बाई. त्यांनी पुस्तक पहिल्यापासून, दुरुस्तीसह, पुन्हा वाचलं. आता सत्तर वर्षांची रोझा बर्फातून हरणीसारखी पळत येत होती, सत्तर वर्षांची रोझा नायकाच्या छातीवर डोकं टेकत होती, आणि तो तिच्या गालांवरची लाली बघत होता. बायका आधी गप्प झाल्या, मग हसायला लागल्या, मग दोघी-तिघी उठून गेल्या. रत्नम्मा घरी आली आणि म्हणाली, "अहो, तुमच्यापेक्षा ते महिपती बरे. त्यांनी निदान रजा तरी नीट धरली."

त्या वाचनाला तानाबाई दारामागे उभ्या होत्या, हे नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गाठोडं घेऊन सांगोल्याच्या गाडीने भावाकडे निघून गेल्या. जाताना गोजरबाईंना एवढंच म्हणाल्या, म्हंजी बाई व्हती. अण्णा बी खोटं बोलले आन ह्ये बी.

आठ दिवस गेले. धुळाप्पा कामावर जात होते, येत होते. चूल पेटत नव्हती. रत्नम्मा डबा पाठवायची, तो अर्धा परत यायचा. पारावर मी गेलो की ते उठून जायचे. ओळीतल्या लोकांनी मला सल्ले दिले, आणि सगळ्यांचा मथितार्थ असा की माझ्यासारख्या माणसाने काही काळ बोलू नये. नवव्या दिवशी रत्नम्माने फडक्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधली, माझ्या हातात दिली आणि म्हणाली की त्यांना घेऊन जा, आणि तिला आणल्याशिवाय येऊ नका. मी किरकोळ रजेचा अर्ज टाकला. महिपतींनी कारण वाचलं आणि पहिल्यांदाच काहीही शेरा न मारता सही केली.

सांगोल्याला गाडी बदलून, पुढे दोन कोस चालून आम्ही पोचलो. वाटेत धुळाप्पा एक शब्द बोलले नाहीत. तानाबाईंचे भाऊ श्रीमंत यांचं घर माळावर होतं, शेजारी मेंढरांचा वाडा. तानाबाई अंगणात लोकर पिंजत बसल्या होत्या. त्यांनी आम्हाला पाणी दिलं, आणि पुन्हा लोकर पिंजायला लागल्या.

मी उभा राहून भाषण केलं. वाटेत तयार केलं होतं. कल्पना म्हणजे काय, वास्तव म्हणजे काय, आणि माझी चूक कुठे झाली. चूक सांगताना मला रडू येईल असं वाटलं होतं, पण ते आलं नाही, आणि भाषण मात्र लांबलं. मग धुळाप्पा एकदम म्हणाले की म्हातारी होती, माझ्या आज्जीएवढी, तिने मला वाचवलं, आणि अण्णांनी तिची पोरगी केली. बस्स.

"मला ठावं हाय," तानाबाई म्हणाल्या. "म्हातारीवर कोन रुसतंय? गोजरबाईनं दुसऱ्यांदा वाचलं तवाच कळलं मला, ही कुनाची तरी आज्जी हाय."

मी विचारलं, मग तुम्ही का आलात इकडे?

त्यांनी हातातली लोकर खाली ठेवली. बोलल्या त्या नवऱ्याकडे बघून नाही, माझ्याकडे बघून.

"तुमाला च्या पिऊन चार म्हयन्यात सांगितलं ह्येंनी समदं. मला तीस वरसात न्हाय."

धुळाप्पा म्हणाले, तू कधी विचारलं नाहीस. त्यावर त्या म्हणाल्या की तुम्ही तरी कुठे विचारलंत. आणि मग त्यांनी सांगितलं. ज्या पाच आठवड्यांत हे वाड्यात लपले होते, त्याच दिवसांत गावात तार आली होती. वाचायला तलाठी आला. बेपत्ता, बहुतेक मेला. सासूने बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. पुढे हे सापडले, दवाखान्यात पडले, पण ते कागद गावात पोचायला सात महिने लागले. सात महिने त्या रांडमुंड म्हणून राहिल्या. त्यात भावाने पाट ठरवला, म्हणजे दुसरं लग्न. चांगला माणूस होता, शंभर मेंढरांचा धनी. तानाबाईंचे भाऊ श्रीमंत तिथेच दाराशी बसले होते. त्यांनी मान खाली घातली.

"मी म्हनले, मेल्यालं मी बगितलं न्हाय. बगीन तवा बगू."

कागद आला त्या दिवशी त्यांनी पुन्हा कुंकू लावलं. वर्षाने नवरा परत आला तेव्हा तानाबाईंच्या हातात नव्या बांगड्या होत्या, आणि घरात कुणी काही बोललं नाही. धुळाप्पांना हे आज, माझ्यासमोर, पहिल्यांदा कळत होतं. ते होते तिथेच मातीत बसले. त्यांच्या तोंडून एवढंच आलं, "मला कुनी सांगितलं न्हाय."

मेंढरं ओरडत होती. मी कुठे बघावं ते मला कळेना. लष्कराची तार कुठल्यातरी दारात पोचत असणार, हे चार महिने टिपणं घेताना माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी बर्फाचं वर्णन तीन पानं केलं होतं.

तानाबाई माझ्याकडे वळल्या. आवाजात राग नव्हता, तो असता तर मला सोपं गेलं असतं.

"अण्णा, तुमच्या त्या चादरीवाल्याला येवडं जमत व्हतं, पार इटलीला जायचं. तर एक दिस हितं का न्हाय आला? दारात हुबं ऱ्हाऊन म्हनायचं, बाई, जित्ता हाय त्यो. आन जायचं परत."

आता सांगतो ती गोष्ट मी रत्नम्मालाही सांगितलेली नाही. त्या क्षणी माझा हात आपोआप सदऱ्याच्या खिशाकडे गेला. खिशात पेन होतं. वाक्य किती चांगलं आहे, विसरायला नको, असं माझ्या मनात आलं. तानाबाईंनी माझा हात बघितला. मीही तो बघितला. असा हात आपल्या अंगाला असावा याची मला इतकी लाज वाटली की मी तो पाठीमागे नेला.

"आत्ता नगं," त्या म्हणाल्या. "पुडं कदी लिवायचं झालं तर आसंच्या आसं लिवा. चादर नगं, कारकून नगं."

भाकऱ्या आम्ही चौघांनी अंगणात खाल्ल्या. श्रीमंतांनी ताक आणलं. कुणी कुणाची माफी मागितली नाही. खाऊन झाल्यावर तानाबाईंनी आपणहून गाठोडं बांधलं. धुळाप्पांनी ते त्यांच्या हातातून घेऊन आपल्या खांद्यावर टाकलं.

परतीच्या गाडीत गर्दी होती. पुढे दोघांची एक सीट मिळाली, ती त्यांनी घेतली. मला अगदी मागे, टायरवरची जागा मिळाली. मंगळवेढा गेल्यावर बघतो तर धुळाप्पा बोलत होते. हाताने डोंगर दाखवत होते, घळ दाखवत होते, मध्येच थांबून काहीतरी विचारत होते आणि तानाबाई उत्तर देत होत्या. तो अबोल माणूस सोलापूर येईपर्यंत बोलत राहिला. इंजिनाच्या आवाजात मला एक शब्दही कळत नव्हता. त्यांच्या अगदी मागच्या सीटवरचा माणूस मोहोळला जायचं म्हणून मध्येच उतरला आणि ती जागा रिकामी झाली. कंडक्टरने मला हाक मारून पुढे या म्हटलं.

मी मागेच बसून राहिलो.